ताप नसला तरी कळवा

१२ नोव्हेंबर

भावजी,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायचा असतो. पण आपल्यात एवढ्या वर्षांचे नमस्कार तुंबलेत की सगळे एकदम पाठवले तर पाकीट फुटेल, म्हणून आज एकही पाठवत नाही. पत्र फाडणारच असाल तर एवढी ओळ वाचून फाडा: तुमच्या दादांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात.

निकामी म्हणजे जागच्या जागी आहेत, पण काम सोडून बसल्यात. ब्लडप्रेशरने आतल्या आत पोखरल्या आणि आम्हाला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस. रक्त नळीतून बाहेर काढायचं, यंत्रात धुवायचं, परत आत सोडायचं. हे तिथे खुर्चीत पडून असतात आणि मी बाहेरच्या बाकावर बसून गिऱ्हाइकांच्या कपड्यांना काजं-बटणं करते.

फोन का केला नाही म्हणाल, तर आमचं घर तुम्हाला माहीत आहे. दोन खोल्या आणि त्यांचे कान. शिवाय आमचा नंबर दिसला की तुम्ही फोन वाजू देता, हे मला पक्कं ठाऊक आहे. पत्रावर निदान अक्षर माझं आहे, आणि माझ्याशी तुमचं भांडण नाही. असेल तर तसं कळवा, मी तयारीत राहीन.

निवृत्त झाले तरी वजनमापे निरीक्षक अजून अंगातून गेलेला नाही. डायलिसिसच्या आधी आणि नंतर वजन करतात, अंगातलं किती पाणी काढायचं ते ठरवायला. पहिल्याच दिवशी वजनाच्या यंत्रावर उभं राहायचं सोडून हे खाली वाकले आणि यंत्राच्या मागची पट्टी वाचायला लागले. "याची शेवटची तपासणी कधी झाली?" तिथल्या थोरल्या सिस्टर म्हणाल्या, "काका, यंत्रावर फक्त उभं राहायचंय, त्याच्याशी लग्न नाही करायचं." पुढच्या वेळी हे पिशवीत आपली पितळी वजनं घेऊन गेले आणि सगळ्या पेशंटांना ताटकळत ठेवून यंत्र तपासलं. ते अगदी बरोबर निघालं. हे दिवसभर हिरमुसले होते.

मग डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, किडनीचं काम यंत्र थोडंफार करतं, पण कितीही धुतलं तरी काही घाण रक्तात उरतेच. त्या घाणीत रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सुस्तावतात. असतात भरपूर, पण वेळेवर उठत नाहीत आणि उठल्या तर धड लढत नाहीत. तुमची-आमची जी सर्दी दोन दिवस नाक गळून जाते, ती यांच्या छातीत उतरू शकते. "किडनीचे पेशंट जातात ते हृदयाने, नाहीतर इन्फेक्शनने," असं त्या बोलून गेल्या आणि माझं तोंड बघून घाईघाईने म्हणाल्या, "तुमचं नाही हो, मी सर्वसाधारण सांगितलं." मीही सर्वसाधारण मान हलवली.

सूचना दिल्या त्या अशा: गर्दीत जायचं नाही, हात धुवायचे, आजारी माणसाला जवळ करायचं नाही, बारीकशी जखमही दाखवायची. आणि ताप नसला तरी, जरा वेगळं वाटलं तर लगेच कळवायचं. या शेवटच्या सूचनेवर हे अडले. "ताप नाही तर बरं नाही हे ठरवायचं कशावरून? वेगळं वाटणं हे कुठल्या मापात मोजतात?" डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

बाकीच्या सूचना मात्र यांनी मनावर घेतल्या. आता आमच्या फाटकापाशी खुर्ची आहे, खुर्चीत हे आहेत, हातात थर्मामीटर आहे. गॅसवाला, पोस्टमन, शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका, सगळ्यांचा ताप बघितला जातो. "घसा खवखवतो का? घरात कोणी शिंकतंय का?" मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "मी साखर मागायला आलेय, नोकरी मागायला नाही." माझी शिवणाची गिऱ्हाइकं तर गेलीच. कपडे फाटकावरच्या पिशवीत टाकायचे आणि मापं खिडकीतून द्यायची, असं कोण करून घेईल? त्यात माझी टेप ओढून ओढून लांब झालीय, असाही यांचा आरोप आहे.

तुमच्या दुकानातल्या काट्याबद्दल मी काही बोलणार नाही, असं ठरवून बसले होते. पण बोलतेच. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, सख्ख्या भावाच्या काट्याला त्यांनी सील ठोकलं. तेही काटा गिऱ्हाइकाला जास्त माल देत होता म्हणून! दुकानदाराचं नुकसान करणारा काटा बंद पाडणारा असा निरीक्षक दुसरा नसेल. चूक ती चूक, म्हणाले. तुम्ही त्या काट्याने स्वतःलाच लुटत होतात, पण लोकांनी फक्त सील पाहिलं आणि तुम्हाला मापात मारणारा ठरवून टाकलं. तुमचा राग मला समजतो. मलाही तेव्हा फार राग आला होता, फक्त मला त्याच घरात दोन वेळचा स्वयंपाक करायचा होता.

तुम्ही एकदा येऊन जा. मी बोलावलं हे सांगू नका. सहज आलो म्हणा.

तुमची वहिनी


२७ नोव्हेंबर

भावजी,

तुमचं कार्ड मिळालं. "सील ठोकणाऱ्याची तब्येत विचारली आहे, असे त्यास सांगू नये." एवढंच. मी ते किती वेळा वाचलं ते सांगत नाही, उगाच डोक्यावर चढाल. सोबतचे बदाम आणि खजूर यांना चालत नाहीत, त्यातलं पोटॅशियम किडनीला झेपत नाही. फुकट जायला नकोत म्हणून मी शिवणयंत्राच्या खणात ठेवून रोज थोडे खाते. तब्येत तुम्ही त्यांची विचारलीत आणि सुधारली माझी.

इकडची हकिकत. डायलिसिस सुरू झालं तेव्हापासून काविळीची लस चालू होती. डायलिसिसच्या लोकांना ती दुप्पट मात्रेने देतात, कारण शरीर लसीकडे लक्षच देत नाही. यांना दिली, पुन्हा दिली, मग रक्त तपासलं. काही उपयोग नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शरीराने लस घेतली, पण धडा घेतला नाही." मी म्हटलं, हे सासूबाई यांच्या लहानपणापासून सांगत होत्या, त्यासाठी रक्त कशाला काढलंत? हे मात्र लशीच्या बाटलीवरचं माप बघायला मागत होते. त्यांच्या मते बाटलीत औषध कमी भरलं असणार. आपल्या शरीरात काही कमी असेल हे त्यांच्या मनातच येत नाही.

दुसरं प्रकरण थर्मामीटरचं. रोज सकाळी स्वतःचा ताप घेतात, तर तो शहाण्णवच्या आसपास. पुस्तकात आहे अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. झालं! थर्मामीटर कमी दाखवतो म्हणून दुकानदाराशी भांडण. नवा आणला, तोही शहाण्णव. मग मला धरलं आणि दोन्ही थर्मामीटर माझ्यावर तपासले. माझा अठ्ठ्याण्णव पॉइंट चार, दोन्हीवर. तेव्हा कुठे थर्मामीटर निर्दोष सुटले. डॉक्टरीणबाईंना विचारलं तर म्हणाल्या, किडनीच्या काही पेशंटांचं अंग थंडच असतं. हे म्हणाले, "असं कसं? प्रमाण ते प्रमाण." तेव्हापासून एकदा तरी अठ्ठ्याण्णव पॉइंट चार यावा म्हणून रोज सकाळी जिभेखाली नळी धरून बसतात.

तर, येत्या रविवारी या. डायलिसिस नसतं त्या दिवशी. तोंडाला मास्क लावा, हात दारातच धुवा, आणि सर्दी-खोकला असेल तर अजिबात येऊ नका. बाकी तुम्ही काय बोलाल त्यात मी पडणार नाही. भांडा हवं तर. मी स्वयंपाकघरात भांडी जोरजोरात घासत बसेन.

मुलगी लांब आहे. तिला सगळं सांगत नाही, फोनवर रडते. तुम्हाला सांगायला बरं वाटतं, तुम्ही कार्डावर रडत नाही.

वहिनी


७ डिसेंबर

भावजी,

फाटकातून परत जायचं होतं तर बसभाडं कशाला खर्च केलंत?

मला मान्य आहे, आधी ते अडले. एवढ्या वर्षांनी भाऊ दारात उभा, आणि हा माणूस "ये" म्हणायचं सोडून थर्मामीटर झटकतोय. पण तुम्ही तोंड उघडून नळी घेतलीत तेव्हा मी खिडकीमागे जवळजवळ रडले. ताप नव्हता. हात धुतलेत. मास्क होता. सगळं जुळत आलं होतं, आणि तुम्ही शिंकलात.

तुम्ही म्हणालात, ही मिरपुडीची शिंक आहे, दुकानात सकाळी मिरी दळली होती, शर्टावर उडालीय. मला पटलं. तुमच्या शर्टाचा वास मला खिडकीत येत होता आणि मलाही शिंक येत होती. पण हे म्हणाले, "शिंक ती शिंक." तुमचा चेहरा मी पाहिला. त्या सीलच्या दिवशी होता तसाच झाला. तुम्ही म्हणालात, "मी खोटं बोलतोय असं म्हणायचंय का तुला?" आणि ते म्हणाले, "तू खोटं बोलतोस असं मी कधीच म्हटलं नाही. मी शिंकेबद्दल बोलतोय."

भावजी, मी यांच्याबरोबर आयुष्य काढलंय, म्हणून सांगते, या माणसाला एवढंच येतं. तो माणसाबद्दल बोलतच नाही, वस्तूबद्दल बोलतो, आणि समोरच्याला वाटतं आपल्याला बोलला. तुम्हाला माहीत नाही, तुम्ही गेल्यावर ते फाटकापाशी बसून राहिले. मी जेवायला हाक मारली तर म्हणाले, "त्याच्या डोक्यावरचे केस गेले गं." त्यावर त्यांना आणखी काही बोलायचं होतं, पण त्यांनी तांब्या उचलला आणि पाणी किती प्यायचं यावर माझ्याशी वाद घातला.

आता मी कुणाच्या मध्ये पडणार नाही. तुम्ही दोघं एका आईची लेकरं आहात आणि दोघंही तितकेच आडमुठे आहात. ती माउली वरून बघत असेल तर कपाळाला हात लावून बसली असेल.

पिशवीतून आणलेली सफरचंदं फाटकावरच ठेवून गेलात. ती यांनी साबणाने धुतली. साबणाने, भावजी. मग बेताबेताने एक फोड खाल्ली आणि म्हणाले, "आपल्याकडे अशी मिळत नाहीत." मी हे तुम्हाला सांगणार नव्हते.

वहिनी


२९ डिसेंबर

भावजी,

हे दवाखान्याच्या बाकावरून लिहितेय. आयसीयूच्या आत सोडत नाहीत, काचेतून बघू देतात. तुमच्याशी फोनवर काय बोलले ते मला धड आठवत नाही, आणि तुम्ही सारखे फोन करून सिस्टरांना विचारता म्हणे. तेव्हा सगळं सुरुवातीपासून सांगते. लिहिताना हात हलता राहतो तेवढंच बरं.

मागच्या आठवड्यात मी एका उरल्यासुरल्या गिऱ्हाइकाकडे कपडे पोचवायला गेले होते. परत आले तर हे शहाण्या मुलासारखे अंथरुणावर. दोन दिवसांनी त्यांचा कोट धुवायला काढला तर खिशातून पितळेचं वजन निघालं. मी ते त्यांच्यासमोर धरलं. मग बाहेर आलं सगळं. भाजीबाजारात नवीन काटे आलेत असं मुख्याध्यापिकाबाईंच्या तोंडून ऐकलं, आणि यांना राहवलं नाही. ऐन गर्दीच्या वेळी बाजारात जाऊन, एका खोकणाऱ्या कांदेवाल्याच्या काट्यावर वाकून वजन लावत बसले होते. घरी येणाऱ्या प्रत्येकाचा ताप बघणारा माणूस! मी विचारलं, कांदेवाल्याचा ताप बघितलात का? तर म्हणे, "त्याचा काटा मात्र बरोबर होता."

परवा सकाळी उठले ते जरा मलूल. जिभेखाली नळी घेतली आणि एकदम चेहरा उजळला. "बघ! अठ्ठ्याण्णव पॉइंट चार!" मला थर्मामीटर दाखवला, दुसऱ्याने पुन्हा घेतला, तोही तेवढाच. "शेवटी आला प्रमाणावर. आता सुधारतोय मी." मीही खूश झाले, भावजी. वेडी मी. म्हटलं, चला, आज तरी बरी बातमी.

मग मी सहज म्हणाले, बाहेर गारठा आहे. म्हणाले, "हो." मी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही. मी म्हणाले, गारठा कसला, कालच जास्त होता. म्हणाले, "हो." मी शिवण खाली ठेवलं. म्हटलं, माझी टेप बरोबर आहे, तुमचाच डोळा अधू झालाय. म्हणाले, "असेल." शेवटी जे एवढ्या वर्षांत तोंडून काढायची माझी हिंमत झाली नाही, ते म्हणाले: तुमच्या खात्यात सगळे लबाड होते आणि तुम्ही जन्मभर उगाच उन्हातान्हात हिंडलात. त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "असतील."

ताप नाही, खोकला जेमतेम. दवाखान्यात काय सांगू? नवरा माझ्याशी सहमत झाला म्हणून गाडी पाठवा? मुलीला फोन लावला असता तर तिने मलाच गोळी घ्यायला सांगितलं असतं. म्हणून मी तुमच्या दुकानात फोन लावला. पहिल्यांदा वाजू दिलात, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा उचललात. मी सांगितलं, आणि तुम्ही एकच विचारलंत, "वहिनी, दादा 'असतील' म्हणाला? वाद घातला नाही?" मी म्हटलं, नाही. तुम्ही म्हणालात, "फोन ठेवा. आत्ताच्या आत्ता दवाखाना." आणि फोन ठेवता ठेवता शिंकलात. ही मिरपुडीची नव्हती. तुमचं नाक पार बंद होतं.

छातीत इन्फेक्शन निघालं, दोन्ही बाजूंना, आणि ते रक्तात उतरलंय. ब्लडप्रेशर खाली जात होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, रोज ताप किती असतो? मी म्हटलं, शहाण्णवच्या वर कधी जात नाही, आज मात्र अगदी बरोबर आहे. त्या म्हणाल्या, "बाई, यांच्यासाठी हाच ताप आहे. दोन अंश चढलाय. तुमच्या-आमच्या शरीराने एव्हाना रान पेटवलं असतं. यांचं शरीर एवढंच करू शकतं." मग म्हणाल्या, "रात्र घरी काढली असतीत तर..." आणि केसपेपरवर लिहायला लागल्या.

म्हणजे ज्या दिवसाची हा माणूस महिनाभर वाट बघत होता, तोच मरणाचा दिवस होता. आणि तो आम्ही दोघांनी मिळून साजरा केला.

मोठी अँटिबायोटिकं चालू आहेत. उद्या-परवा कळेल म्हणतात. मघाशी काचेतून बघितलं तर सिस्टर त्यांची कूस बदलत होत्या आणि हे निमूट बदलून घेत होते. मला ते बघवेना. माझा जीव थाऱ्यावर नाही, भावजी. मला खूप एकटं वाटतंय.

तुम्ही येऊन बाहेर उभे राहता म्हणालात, आणि मग स्वतःच म्हणालात, "नको. माझं नाक खरंच वाहतंय." तुम्ही यायला हवं होतं, आणि आला नाहीत हे तुम्ही फार चांगलं केलंत. दोन्ही खरं आहे. बरे व्हा आधी.

वहिनी


२० जानेवारी

भावजी,

घरी आणलं. वाळून काटकी झालेत, पण आणलं.

थोरल्या सिस्टरांनी मला तुमच्या फोनची गंमत सांगितली. रोज एकच प्रश्न: "आज कोणाशी भांडला का?" पहिले काही दिवस त्यांना वाटलं, पेशंटचा कोणीतरी वैरी असावा. मग एके दुपारी यांनी डोळे उघडले, सलाईनच्या थेंबांकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे लिहिलंय त्यापेक्षा जलद पडतंय." सिस्टर म्हणाल्या, नाही. हे म्हणाले, मोजून दाखवा. त्यावरून अशी जुंपली की डॉक्टरीणबाई धावत आल्या. तुमचा फोन आला तेव्हा सिस्टरांनी सांगितलं, हो, भांडले, माझ्याशीच. त्यावर तुमच्याकडून नुसता नाक ओढल्याचा आवाज आला म्हणे. सिस्टरांनी मला विचारलं, "ते दीर तुमचे रडत होते का हो?" मी म्हटलं, सर्दी झालीय त्यांना.

आता घरातले नियम बदललेत. शहाण्णव म्हणजे ठीक, त्याच्या जरा वर गेला की दवाखाना, असं डॉक्टरीणबाईंनी स्वतः थर्मामीटरच्या डबीवर लिहून दिलंय. हे त्या डबीकडे असे बघतात जसं काही कोणी त्यांना खोटी सही करायला लावलीय. पण ऐकतात. खुर्ची फाटकातून उचलली, मास्क आहे, हात धुणं आहे, आणि बाजार कायमचा बंद.

मीही एक नियम केलाय, तो फक्त तुम्हाला सांगते. काचेपलीकडे ते तसे निमूट पडलेले पाहिले तेव्हाच मनाशी ठरवलं, की हा माणूस घरी आला तर त्याच्याशी परत वाद घालायचा नाही. काय एवढं अडलंय माझं? तेव्हापासून ते म्हणतील ते हो. टेप लांब झालीय म्हणाले, मी नवी आणली. घड्याळ पुढे आहे म्हणाले, मी मागे केलं. मुख्याध्यापिकाबाई आमच्याकडे बघून म्हणतात, "किती गोड झालंय तुमचं!" यांचा चेहरा मात्र त्यावर काही खुलत नाही. औषधांमुळे असेल.

पत्रांचं आणि खजुरांचं मीच सांगून टाकलं. म्हणाले, "खजूर कुठे आहेत?" संपले, म्हटलं. मग म्हणाले, "लिही." आणि सांगायला लागले, ते असं:

"विषय: भेटीबाबत. आपण आपल्या सोयीने यावे. येण्यापूर्वी सर्दी पूर्णपणे गेली असल्याची खात्री करावी. त्या दिवशी मिरी दळू नये. शर्ट धुतलेला असावा. शिंक आल्यास तिचे कारण विचारले जाईल, व सांगितलेले कारण मान्य केले जाईल."

हे शेवटचं वाक्य त्यांनी तीनदा बदललं. मी जसं सांगतील तसं खोडलं आणि जसं सांगतील तसं लिहिलं. मग म्हणाले, पेन इकडे दे आणि तू आत जा. पुढचं त्यांचं अक्षर आहे. मी आत जातेय.

वहिनी


तू,

ही दवाखान्यातून आल्यापासून माझं सगळं ऐकते. आत जा म्हटलं तर गेलीसुद्धा.

मी तपासून पाहिलं. मुद्दाम चुकीचं बोललो. काल म्हणालो, आज शुक्रवार ना? बुधवार होता. "हो" म्हणाली. आमटीत मीठ जास्त आहे म्हणालो, तर मीठच नव्हतं, आणि ही म्हणाली, "असेल." मग म्हणालो, तुझ्या माहेरची माणसं भांडखोर आहेत. त्यावरही "असतील."

डॉक्टरांनी हिला माझ्याबद्दल काय सांगितलंय ते तू विचार. मी विचारलं तर "तुम्ही म्हणाल तसं" म्हणते आणि माझं पांघरूण नीट करते. मला रात्री झोप लागत नाही. जे असेल ते मला सांगायला कोणीतरी पाहिजे.

नुसतं मला बरं वाटावं म्हणून तू आजवर एक शब्दही बोललेला नाहीस. सर्दी गेली की ये.

दादा